दांडगे साहेबांची आखूड किक

आमच्या शेजारचे दांडगे साहेब रोज सकाळी कॉलनीच्या मोकळ्या जागेत येतात, अर्ध्या विटेवर पपईच्या आकाराचा एक बॉल उभा करतात, थोडे मागं जातात, पळत येतात आणि त्या बॉलला मुद्दाम वाईट लाथ मारतात. मुद्दाम हा शब्द मी विचार करून लिहिते आहे. बॉल लांब गेला की ते चिडतात. सरळ गेला तरी चिडतात. बॉलनं आधी जमिनीवर डोकं आपटावं, मग टुणकन उडावं आणि जवळच कुठंतरी पडावं, अशी त्यांची अपेक्षा असते. तसा तो पडला, की तो धरायला ते स्वतःच पळत सुटतात. वय सत्तरीच्या अलीकडं-पलीकडं, कमरेला पट्टा, पायात मुलानं पाठवलेले पांढरे बूट आणि डोक्याला कानटोपी.

त्या मोकळ्या जागेत कौसाबाई शेळ्या चारायला आणतात. घराणं मेंढरावालं, पण आता उरल्यात सहा-सात शेळ्या. त्यांनी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, “बाई, आपणच हाणायचं आन् आपणच धराया पळायचं, तर मंग हाणायचंच कशाला?”

मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तर आपल्याला चक्कर का येत नाही, इथपर्यंतच्या प्रश्नांना उत्तरं दिली. या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्यात आणखी भर म्हणजे त्या वेळी मी स्वतः त्या खेळात होते. हातातली भाजीची पिशवी कुंपणाला अडकवून विरुद्ध संघ म्हणून उभी होते.

दांडगे साहेब मोजणी खात्यातून निवृत्त झाले. मराठवाड्यात मोजणीवाला म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी वाटण्या झाल्यात त्यांना सांगायला नको. बांध कुणाचा, विहीर कुणात, चिंच कुणाच्या हिश्श्यात, हे साखळी टाकून ठरवायचं आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या. बिडकीनच्या आसपासचं एक शिवार नसेल जिथं त्यांनी शिव्या खाल्ल्या नाहीत. याचा त्यांना अभिमान आहे. “माझी मोजणी झाली की दोन्ही भाऊ मला शिव्या द्यायचे. एकच भाऊ द्यायला लागला, की समजायचं मोजणी चुकली,” असं ते सांगतात.

नोकरी सुटली, पण सवय कुठली सुटतेय. “मोजल्याशिवाय बोलायचं नाय,” हे त्यांचं पालुपद. मी सहज म्हटलं, की छावणी भागातला तो डॉक्टर घरापासून जवळच आहे, तर ते विचारणार, “किती जवळ?” लग्नाला गेले तर जेवायच्या आधी मंडपाभोवती एक चक्कर मारून येतात आणि मुलीच्या बापाला कोपऱ्यात घेऊन सांगतात, की मंडप पूर्वेला चार बोटं कललाय. तो बिचारा त्या दिवशी काय करणार? आमच्या दारातलं तुळशीवृंदावन त्यांच्या हद्दीत एक वीत आलेलं आहे. हे त्यांनी आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात शोधून काढलं आणि मला तोंडी परवानगी दिली. ती परवानगी ते दर दिवाळीला फराळाचं ताट हातात घेताना पुन्हा देतात. टँकरपुढच्या रांगेत भांडण झालं की बायका त्यांनाच हाक मारतात. ते येतात, बादल्यांमधलं अंतर बघतात आणि बोट दाखवून म्हणतात, “ही बादली सरकलीय.” ती खरोखरच सरकलेली असते.

एक गोष्ट मात्र त्यांनी मला कधी विचारली नाही. मी भूगोलाची बाई, त्यांचा एकुलता एक विनायक अमेरिकेत, तरी अमेरिका किती लांब, हे त्यांच्या तोंडून आजवर आलेलं नाही. कुणी विषय काढला तर “लांब हाय,” एवढंच म्हणतात आणि मोजमापाशिवाय पुढं जातात.

विनायक मोठा गुणी मुलगा. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत तो वडिलांबरोबर शिवारात जायचा आणि साखळीचं दुसरं टोक धरून उभा राहायचा. बोलायचा मात्र आईशी. शकुंतलावहिनी होत्या तेव्हा रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा, आणि त्यांच्या खिडकीतून आमच्या ओट्यापर्यंत तासभर गप्पा ऐकू यायच्या. दांडगे साहेब मागं खुर्चीत बसलेले असायचे. शेवटी वहिनी म्हणायच्या, “हां, बाबांशी बोल,” आणि मग पुढचं सगळं मला पाठ होतं. “जेवला का? बरं. पाऊस हाय का तिकडं? हितं बी नाय. ठेवू मंग?”

वहिनी गेल्या. फोन येतच राहिला, पण आता त्यात फक्त हा शेवटचा भाग उरला. जेवण, पाऊस, ठेवू मंग. मी दुधाचं पातेलं गॅसवर ठेवायचे आणि दूध वर यायच्या आत फोन संपलेला असायचा. ऐकणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

मग विनायकनं त्यांना सहा महिन्यांसाठी तिकडं नेलं. तो एका कॉलेजच्या गावात राहतो, तिथल्याच प्रयोगशाळेत कामाला आहे. साहेब परत आले ते हा बॉल घेऊन आणि एक विकार घेऊन.

तिकडच्या कॉलेजांमध्ये एक खेळ खेळतात. त्याला फुटबॉल म्हणतात, पण तो आपला फुटबॉल नव्हे. बॉल हातात घेऊन पळतात आणि समोरचे अंगावर येऊन पाडतात. पायाचा संबंध फार थोडा. मग त्याला फुटबॉल का म्हणायचं, असं मी विचारलं, तर साहेब म्हणाले, “बाई, आपल्या शहागंजात सगळेच शहा ऱ्हातेत का?” यांच्या पुढच्या सगळ्या स्पष्टीकरणांची ही सुरुवात होती.

विनायकनं त्यांना सामन्याला नेलं. हजारो माणसं, कडाक्याची थंडी. अर्धा वेळ साहेब नुसते बसून होते. काय चाललंय ते कळत नव्हतं आणि पोराला विचारायची सवय नव्हती. आणि मग मैदानात दोन माणसं आली. त्यांच्या हातात दोन काठ्या होत्या, आणि काठ्यांच्या मध्ये साखळी.

ही गोष्ट सांगताना ते दर वेळी उभे राहतात. “बाई, साखळी आणली हो त्यांनी मैदानात. म्या इनायकला म्हणलं, ही कोण माणसं? तो म्हणला, बाबा, मोजणीवाले. बॉल दहा यार्ड पुढं सरकला का नाय, ते मोजायला आलेत. सगळं मैदान गप. हजारो माणसं मोजणी बघाया लागली. आमच्या मोजणीला कोण यायचं? चार भाऊ, त्यातले दोन कुऱ्हाडी घिऊन.”

तिथून त्यांचं तोंड उघडलं. ते विचारत गेले, विनायक सांगत गेला. सामना संपता संपता विनायकचं कॉलेज मागं होतं, वेळ संपत आला होता, आणि तेव्हा त्यांनी ती लाथ पाहिली.

ती अशी. गुण मिळवले की बॉल समोरच्यांना लांब लाथाडून द्यावा लागतो, म्हणजे आता त्यांची पाळी. पण तुम्ही हरत असाल आणि वेळ उरला नसेल, तर बॉल देऊन कसं चालेल? म्हणून तुम्ही तो आखूड मारता. नियम एवढाच, की बॉलनं किमान दहा यार्ड तरी जायला हवं. दहा यार्ड ओलांडले की तो ज्याच्या हाती लागेल त्याचा. तुमच्या हाती लागला तर पाळी पुन्हा तुमचीच. म्हणून तो जमिनीवर आपटून उंच उडवायचा, आणि तो हवेत असेपर्यंत आपली माणसं पळत तिथं पोचवायची. याला ऑनसाइड किक म्हणतात. ती बहुतेक वेळा फसते. त्या दिवशीही फसली. पण गाडीत बसून घरी येईपर्यंत, आणि मग जेवताना, आणि जेवण झाल्यावरही विनायक त्यांना ती का फसली ते सांगत होता. “एवढं बोलणं त्यानं जन्मात माझ्याशी केलं नसंल,” साहेब म्हणाले आणि लगेच पुढं, “बॉलच्या डोक्यावर मारायचं असतं, बाई. पोटावर नाय.”

परत आल्यावर रविवारचा फोन बदलला. तिकडं शनिवारी सामने होत, इकडं रविवारी सकाळी विनायकचा व्हिडिओ कॉल येई, आणि साहेबांकडं प्रश्न तयार असत. आता माझं दूध वर येऊन, उतरून, विरजण लागायची वेळ झाली तरी बोलणं चालूच असायचं. मला बरं वाटायचं. वहिनींची आठवण यायची.

पण तिकडचा हंगाम डिसेंबरअखेर आटोपतो. जानेवारीतल्या एका रविवारी मी ओट्यापाशी उभी होते आणि खिडकीतून ऐकू आलं, “जेवला का? बरं. पाऊस हाय का तिकडं?” जानेवारीत पाऊस. पातेल्यातलं दूध कोमट व्हायच्या आत फोन संपला.

दुसऱ्याच दिवशी दांडगे साहेब बॉल घेऊन मोकळ्या जागेत उतरले. ऑनसाइड किक सगळ्यांची फसते, तर ती सुधारायची, असं त्यांनी ठरवलं होतं. दर रविवारी विनायकला प्रगती कळवायची आणि पुढचं विचारायचं. का ते मला तेव्हाच कळलं होतं, म्हणून तर मी भाजीची पिशवी कुंपणाला अडकवली. आमच्या ह्यांना मी त्यांच्या संघात घातलं. हे, म्हणजे दांडगे साहेबांचे मुळे साहेब, विजेच्या ऑफिसातून निवृत्त झालेत, घरी नुसते बसून असतात आणि कधी कुणाला नाही म्हणत नाहीत.

बॉलमधली हवा गेली तेव्हा साहेबांनी ह्यांना घेऊन शहागंजातलं सायकलचं दुकान गाठलं. दुकानदारानं बॉल हातात घेऊन सगळीकडून फिरवून पाहिला. “चाचा, इसको क्या हुआ? गाडी के नीचे आया क्या?” साहेब म्हणाले, “नय रे, ये ऐसाइच रहता.” दुकानदार म्हणाला, “हवा भरूंगा, पर गोल होना बोलके भरोसा नक्को रखो.” हवा भरून झाल्यावर त्यानं परत एकदा बॉलकडं पाहिलं आणि माफी मागितल्यासारखं म्हणाला, “देखो, नय हुआ.”

मैदानाची आखणी साहेबांनी स्वतः केली. नोकरीतली जुनी साखळी त्यांनी घरी जपून ठेवली होती, तेलपाणी करून. ती बाहेर काढली. विटेपासून साखळी ताणायची, तिच्या दुसऱ्या टोकाला खुंटी. बॉल खुंटी ओलांडून गेला आणि ह्यांनी धरला तर आपली किक साधली. अलीकडंच धरला तर बाद. मी खुंटीपलीकडं. माझं काम बॉल ह्यांच्या आधी धरण्याचं. तेहेतीस वर्षांच्या संसारात ह्यांच्या हातातलं काही ओढून घ्यायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली, आणि मी ते बऱ्यापैकी करते असं साहेबांचं मत पडलं.

सुधारणा पुष्कळ झाल्या. बॉल आधी दगडावर ठेवला, तो घसरला. मग विटेवर. मग कौसाबाईंनी डोक्यावरची चुंबळ काढून दिली, तिच्यावर बॉल असा बसला की जणू तिच्यासाठीच केलेला. पण चुंबळही बॉलबरोबर उडायला लागली, आणि मी एकदा बॉल सोडून चुंबळ धरली. पुन्हा वीट आली. साहेब तिरके पळत आले, सरळ पळत आले, टाचेनं मारून पाहिलं. बॉल कधी गटारात गेला, कधी कोपऱ्यात उभ्या असलेल्या नियोजित मंदिराच्या पाटीवर आदळला. एकदा तो टप्पा खाऊन निघाला आणि खुंटीच्या बराच अलीकडं कौसाबाईंच्या काळ्या शेळीच्या कुशीला लागून परत फिरला. साहेबांनी झडप घालून धरला आणि म्हणाले, “आपला.”

आता नियम असा, की विरुद्ध संघातल्या कुणाचं अंग आधी लागलं, तर दहा यार्डांची अट उरत नाही. मी म्हटलं, “शेळी माझ्या संघात नाही.”

“तुमच्याकडच्या अंगाला चरत होती,” साहेब म्हणाले.

कौसाबाई म्हणाल्या, “माझी शेळी कुणात नाय. तिला मधी घेऊ नका.”

हा वाद रविवारी अमेरिकेत गेला. मी आमच्या ओट्यापाशी कान देऊन उभी. विनायकनं सगळं ऐकून घेतलं आणि गंभीरपणे विचारलं, “बाबा, शेळीचं तोंड कुणीकडं होतं?” त्यावर जी चर्चा झाली ती संपेपर्यंत माझं वरण-भात, पोळ्या सगळं उरकलं होतं.

मला एकाच गोष्टीचा उलगडा होत नव्हता. हा माणूस शिवारंच्या शिवारं डोक्यात ठेवणारा. पण दर रविवारी तो मुलाला तेच विचारायचा. “म्हंजे बॉलच्या पोटात मारायचं?” आणि विनायक तिकडून, “नाही बाबा, डोक्यावर. पोटात मारला तर लांब जातो.” पुढच्या रविवारी परत, “इनायक, पोटातच ना?” ऐकून ऐकून मला पाठ झालं, ह्यांना पाठ झालं. कौसाबाई शेळ्या हाकता हाकता “डोस्क्यावर, डोस्क्यावर” म्हणायला लागल्या. साहेबांना मात्र येईना. इतका ढ विद्यार्थी मी सबंध नोकरीत पाहिला नाही. वयानुसार विसरायला लागलेत की काय, अशी मला काळजी वाटायला लागली. मग त्याच दिवशी ते माझ्या तुळशीसमोर उभं राहून परवानगीची आठवण करून द्यायचे, आणि एक वीत म्हणजे एक वीतच म्हणायचे. माझा गोंधळ उडायचा.

वर्ष-दीड वर्ष असं गेलं. मधे एक हंगाम येऊन गेला. आणि मग गेल्या महिन्यातला तो रविवार.

साहेबांनी लाथ मारली. बॉलनं जमिनीवर डोकं आपटलं, एक छोटा टप्पा खाल्ला आणि दुसऱ्या टप्प्याला सरळ वर उडाला. तसा तो आजवर कधीच उडाला नव्हता. मी वर बघत राहिले. शेळ्यासुद्धा बाजूला झाल्या. आणि आमचे हे, ज्यांना मी कधी बससाठी पळताना पाहिलं नाही, ते पळत गेले, अंग टाकलं आणि बॉल पोटाशी धरून पडले. गुडघा फुटला, कोपर सोललं, पण बॉल सोडला नाही.

साहेब आले. साखळी ताणून बघितली. हे खुंटीच्या जेमतेम हातभर अलीकडं पडले होते.

“हद्दीच्या आत,” साहेब म्हणाले. “बाद.”

“अहो साहेब, हातभराचं काय घेऊन बसलात,” मी म्हटलं.

“मोजल्याशिवाय बोलायचं नाय,” साहेब म्हणाले. त्यांनी घड्याळ पाहिलं, बॉल काखेत मारला आणि फोनची वेळ झाली म्हणून घरी निघून गेले.

आमचे हे गरीब स्वभावाचे. ऑफिसात त्यांच्या टेबलाचा पंखा दुसऱ्यानं नेला तरी बोलले नव्हते. पण गुडघ्यातून रक्त येत होतं. ते लंगडत घरी गेले आणि मेजरिंग टेप घेऊन आले. “एक टोक धर,” मला म्हणाले. “मोजूनच बोलू.”

मी विटेपाशी टेप धरला. हे खुंटीपर्यंत गेले, वाकले, चष्मा वर केला, परत खाली केला. “तेहेतीस फूट,” ते म्हणाले. मग जमिनीवरच बसले. “अगं, यार्ड म्हणजे तीन फूट. दहा यार्ड म्हणजे तीस. हे तेहेतीस कुठून आलं?”

कुठून आलं ते मला तिथंच कळलं, आणि इतके दिवस कसं कळलं नाही याचं नवल वाटलं. ती गुंठ्याची साखळी होती. आपल्याकडं गुंठा म्हणजे तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद, आणि मोजणीची साखळी तेवढ्याच लांबीची. माझ्या माहेरच्या वाटण्या तसल्याच साखळीनं झाल्या, मी लहानपणी बांधावर बसून बघितल्या होत्या. पण शिवारातला गुंठा आणि अमेरिकेतला यार्ड माझ्या डोक्यात कधी शेजारी बसलेच नव्हते. म्हणजे खेळ दहा यार्डांचा, आणि दीड वर्षं आम्ही अकरा यार्डांवर राबत होतो. आजची किक साधली होती. नीट आठवलं तर त्याआधीच्याही चार-दोन साधल्या असणार.

आम्ही दोघं तसेच त्यांच्या घरी गेलो. मला इतका आनंद झाला होता, की चपला काढायचं भान राहिलं नाही. साहेब खुर्चीत बसले होते. समोर टेबलावर तांब्याला टेकवून मोबाईल उभा केलेला, भिंतीवर वहिनींचा फोटो. फोन अजून यायचा होता.

“साहेब, किक साधली तुमची,” मी म्हटलं. “साखळी गुंठ्याची आहे. तेहेतीस फूट. दहा यार्ड म्हणजे तीसच. आता विनायकला सांगा, झालं म्हणून.”

त्यांनी ह्यांच्या गुडघ्याकडं पाहिलं, मग हातातल्या टेपकडं.

“ठाऊक हाय, बाई,” ते म्हणाले.

मी पायांतल्या चपला तिथंच काढल्या.

“आख्खी नोकरी त्या साखळीवर गेली. ती किती लांब हाय ते मला ठाऊक नसंल व्हय?” त्यांनी मोबाईल थोडा सरकवून नीट केला. “झालं म्हणून सांगतो. तो म्हणंल, वा बाबा, छान झालं. आन् मंग?”



“मंग म्या पाऊस इचारीन,” साहेब म्हणाले. “त्याची आई होती तवा मला बोलायचं कामच पडलं नाय. ती बोलायची, म्या मागं बसून ऐकायचो. तेवढ्यानं माझं भागायचं. ती गेली आन् मला कळलं, मला पोराशी बोलाया येतच नाय. काय बोलतेत, कुठून सुरू करतेत, कायबी ठाऊक नाय. हे एकच सापडलं, बाई. मला कळलं नाय म्हणलं की तो पैल्यापासून सांगतो. लई मन लावून सांगतो. आईवानीच सांगतो, हात हालवून.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगते. ज्याला मी ढ म्हटलं त्यानं एक गोष्ट पुनःपुन्हा न कळण्यासाठी केवढी मेहनत घेतली होती. ह्यांनी टेप हळूच पाठीमागं नेला. तेवढ्यात मोबाईल वाजला.

पडद्यावर विनायक आला. कानाजवळचे केस पांढरे झालेत आता त्याचे. साहेबांनी पायानं बॉल खुर्चीखाली सारला आणि पडलेला चेहरा करून म्हणाले, “नाय रं. आज बी नाय जमलं. मुळे साहेब पडलं बिचारं, गुडघा फुटला. पण हद्दीच्या आतच ऱ्हायला बघ.”

“किती आत?”

“हातभर.”

“बाबा,” विनायक म्हणाला, “साखळी आपली जुनीच वापरता ना? मी धरायचो ती? गुंठ्याची?”

ह्यांनी माझा दंड धरला. साहेबांनी खुर्चीखालचा बॉल पायानं आणखी मागं सारला.

“व्हय,” ते म्हणाले. “तीच.”

“मग तीच असू द्या,” विनायक म्हणाला. “बदलू नका.”

बापानं मान हलवली, लेकानंही हलवली. त्याला कधीपासून ठाऊक होतं? आणि त्याला ठाऊक आहे हे साहेबांना आज कळलं, की हेही आधीपासूनच? मला काही म्हणजे काही समजलं नाही, आणि त्या दोघांकडं बघून विचारायची हिंमत झाली नाही. साहेबांनी घसा खाकरला.

“म्या काय म्हणतो, इनायक. उद्यापासून डाव्या पायानं बघावं का?”

“डाव्याचं सगळंच वेगळं असतं, बाबा,” विनायक म्हणाला, आणि खुर्ची पुढं ओढून नीट बसला. “थांबा, पहिल्यापासून सांगतो.”

आम्ही पाय न वाजवता बाहेर आलो. ह्यांनी टेप गुंडाळून खिशात टाकला. मोकळ्या जागेत साखळी तशीच ताणलेली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना शेळ्या चरत होत्या. कौसाबाई काठीला टेकून उभ्या होत्या.

“जमलं का वं आज साहेबाचं?” त्यांनी विचारलं.

“नाही हो,” मी म्हटलं. “अजून हातभर कमी पडतंय.”